सहा दिवसांत पाच मॅच, एकही पॉइंट दिला नाही : सेवानी १८९९ खरंच भारी की नुसती हवा?

डोंगरवाट
मंडळी, मागच्या शनिवारी इथे अमेरिकेत, टेनेसीमध्ये, नॅशव्हिलहून चॅटनूगाला परत येताना मॉन्टईगलचा घाट चढलो आणि मागून पोरांनी भुकेचा गजर सुरू केला, म्हणून हायवे सोडून सेवानी नावाच्या गावात शिरलो. गाव कसलं, एक कॉलेज आणि त्याच्या कडेने चार दुकानं. दगडी इमारती, मोठं चॅपल, आणि धुकं असलं की आपल्याच गाडीचं बॉनेट दिसेना. जेवायला बसलो तर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी माझ्या मुलाची टेक्ससची टोपी बघितली आणि एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाले, तुमच्या टीमला आम्ही हरवलंय बरं का, १२-०. मुलगा म्हणाला कधी? तर म्हणे १८९९.

मला वाटलं आजोबा टाइमपास करतायत. घरी येऊन वाचत बसलो तर रात्रीचे दोन वाजले. थोडक्यात सांगतो. त्या वर्षी या डोंगरावरच्या कॉलेजने अमेरिकन फुटबॉलच्या १२ मॅच खेळल्या, १२ जिंकल्या, एकूण ३२२ पॉइंट केले आणि दिले फक्त १०. त्यातली खरी गंमत नोव्हेंबरमधली. ९ तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्सस १२-०, १० ला ह्यूस्टनमध्ये टेक्सस ए अँड एम १०-०, ११ ला न्यू ऑर्लीन्समध्ये टुलेन २३-०, मग रविवार म्हणून सुट्टी, १३ ला बॅटन रूजमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट) ३४-० आणि १४ ला मेम्फिसमध्ये ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) १२-०. सहा दिवस, पाच मॅच, पाचही परक्या मैदानावर, समोरच्याला भोपळा. आणि हे सगळं रेल्वेने, जाऊन येऊन अडीच हजार मैलांचा प्रवास करून.

आता प्रश्न. इथे दक्षिणेतले लोक याला कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा पराक्रम म्हणतात. तुम्हाला काय वाटतं, खरंच तेवढं भारी आहे का, की तेव्हा खेळच कच्चा होता आणि समोरचे नवशिके?

पेठकर
शीर्षकात मॅच वाचून पळत आलो तर हे अंड्याच्या आकाराचं निघालं की हो! हाताने खेळतात त्याला फुटबॉल म्हणायचं म्हणजे आमच्या कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याला तांबडा म्हणण्यासारखं. चालू द्या तुमचं, मी कट्ट्यावर बसून बघतो.

चहाटळ
पेठकर, अहो त्या काळात पायाने पण भरपूर खेळायचे, नंतर बोलू त्यावर. तोवर धागाकर्त्याला अनुमोदन आणि मला पॉपकॉर्न.

शंकेखोर
हवा. माफ करा, पण थोडी हवाच. या पाच टीमा कधी सुरू झाल्या बघा. टेक्सस, एलएसयू, टुलेन, ओल मिस या चारही १८९३ च्या आणि ए अँड एम १८९४ ची. म्हणजे १८९९ मध्ये यांचं फुटबॉल पाच-सहा वर्षांचं, बालवाडीच. खरा खेळ तेव्हा उत्तरेत होता, येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन. हार्वर्ड त्या वर्षी एकही मॅच हरलं नाही, एक बरोबरीत सुटली. सेवानी हार्वर्डशी कुठे खेळलं? गल्लीत सगळ्यांना हरवलं म्हणून कुणी हिंदकेसरी होत नाही.

डोंगरवाट
शंकेखोर, मुद्दा मान्य, पण सेवानीची स्वतःची टीम १८९१ ची. म्हणजे तेही काही आजोबा नव्हते. आणि कोच बिली सुटर प्रिन्स्टनमधून शिकून आलेला, म्हणजे उत्तरेचं ज्ञान थोडंफार डोंगरावर पोचलं होतं.

ऑस्टिनवाला
आमच्या गावात येऊन आम्हाला हरवून गेले हे मला इथे राहायला लागल्यापासून १५ वर्षांत कुणी सांगितलं नाही. साहजिक आहे म्हणा. आज आमच्या स्टेडियममध्ये लाखभर माणूस बसतं, आणि सेवानी आता तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप पण मिळत नाही. दोन्ही टीम एका मैदानावर एकमेकांसमोर उभ्या होत्या ही कल्पनाच करवत नाही.

आगगाडी
मला खेळातलं काही कळत नाही, पण अडीच हजार मैल म्हणजे चार हजार किलोमीटर. जम्मूहून कन्याकुमारीला गेलात तरी एवढं होत नाही. आणि ते वाफेच्या इंजिनावर, एसी नाही, खिडकी उघडली की कोळशाची कणी डोळ्यात. मी लहानपणी मीटरगेजच्या गाडीने मिरजहून पंढरपूर... नाही, ते नॅरोगेज होतं, चुकलो. असो. मुद्दा असा की ह्यूस्टनची मॅच १० ला आणि न्यू ऑर्लीन्सची ११ ला, मध्ये साडेपाचशे किलोमीटर. म्हणजे मॅच संपली, अंग पुसलं, गाडीत बसले, रात्रभर धडधड, सकाळी उतरून परत मैदानात. शंकेखोरांनी आधी नुसता प्रवास करून दाखवावा, मग मॅचचं बघू.

शंकेखोर
@आगगाडी, स्लीपर कोच होता हो त्यांना. पुलमनचा डबा. जनरलमध्ये उभे राहून गेले नव्हते.

खोखोपटू
आता माझ्याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. आमच्या विद्यापीठाची (नाव नको) खो-खोची टीम आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली तेव्हा रिझर्व्हेशन कन्फर्म झालंय म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात १२ जणांत तीन बर्थ. मी २६ तास संडासाच्या दाराशी वर्तमानपत्र टाकून बसून गेलो, पाय लांब केला की कुणीतरी तुडवून जायचं, आणि उतरल्यावर चार तासांत पहिली मॅच. पहिल्याच डावात पोटऱ्यांना असे गोळे आले की मी खांबाला मिठी मारून उभा. पहिल्या फेरीत घरी. त्यामुळे मला कुणी पुलमनबिलमन सांगू नका, झोपून गेलं तरी गाडीच्या प्रवासाने अंग आंबतंच, आणि यांनी तसल्या अंगाने पाच वेळा धडका घेतल्या. माझं मत सेवानीला.

मोगरा
खोखोपटू, "खांबाला मिठी मारून उभा" हसून हसून पुरेवाट 😂

पण एक कळलं नाही. एवढ्या घाईत पाच मॅच लावायची गरज काय होती? कुणी पैज लावली होती का?

जुना_पेपर
पैज नाही, पैसा. नेहमीप्रमाणे.

सेवानीचा मोठा शेजारी आणि मोठा वैरी म्हणजे नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट. त्यांच्याशी मॅच म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे गेटचा गल्ला. त्या वर्षी गल्ल्याच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं आणि मॅचच रद्द. आता सीझनचा खर्च भागवायचा कसा? तेव्हा टीमचा मॅनेजर होता ल्यूक ली, वय वर्षं २०, स्वतः विद्यार्थी. कोचपेक्षा मॅनेजरचं काम तेव्हा मोठं असायचं, मॅच ठरवणं, गल्ल्यातला हिस्सा बोलणं, रेल्वेची तिकिटं, सगळं त्याच्याकडे. पत्रं आणि तारा पाठवून पठ्ठ्याने एकाच फेरीत पाच मॅच बसवल्या. एकदाच गाडीभाडं, पाच ठिकाणचा गल्ला. आपल्याकडे तमाशाचे फड यात्रेच्या हंगामात रोज नव्या गावाला मुक्काम हलवतात, तोच हिशोब.

मोगरा
म्हणजे हा पराक्रम खरं तर एका अकाउंटंटचा!

जुना_पेपर
अगदी. आणि त्याचीच गोची पण सांगतो. गाडी निघाली आणि मग लक्षात आलं म्हणे की सगळ्यांचे खेळायचे बूट सेवानीच्या स्टेशनवरच राहिले. पाण्याची पिंपं मात्र आठवणीने चढवली होती! दोन पिंपं भरून डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी, कारण खालच्या गावांतलं पाणी बाधेल ही भीती. मग ताराबिरा करून मागच्या गाडीने बूट पाठवायला लावले आणि ते मॅचच्या आत पोचले. नाहीतर टेक्ससला अनवाणी टीमने हरवलं म्हणून आज आणखी मोठी कथा झाली असती.

चहाटळ
घरचं पाणी बरोबर नेणे! ही टीम नक्की टेनेसीची होती ना? मला तर सदाशिव पेठेतली वाटतेय. पिंपावर पाटीही असेल, "पाणी फक्त खेळाडूंसाठी. पेला धुऊन जागेवर ठेवावा."

पेठकर
पेठेचं नाव काढलं म्हणून बोलतो, नाहीतर गप्प होतो. आमच्याकडं पण पेठेची मॅच असली की कोण कुठलं खातंय, कोण कुणाच्या घरी पाणी पितोय यावर लक्ष असतंय. पण मला ते "पायाने भरपूर खेळायचे" सांगणार होता चहाटळराव, त्याचं काय झालं?

चहाटळ
हां, राहिलंच. तर पेठकर, १८९९ चा खेळ आजच्या अमेरिकन फुटबॉलसारखा दिसत नसे, रग्बीचा चुलतभाऊ म्हणा. बॉल पुढे फेकायचाच नाही, फॉरवर्ड पास सरळ बेकायदा, तो आला १९०६ मध्ये. तीन प्रयत्नांत बॉल पाच यार्ड पुढे न्यायचा. टचडाउनचे (बॉल घेऊन समोरच्याची शेवटची रेघ गाठली की) ५ पॉइंट, त्यानंतरच्या किकचा १, आणि फील्ड गोलचेसुद्धा ५! म्हणजे पायाने मारलेल्या गोलला टचडाउनएवढीच किंमत. त्यामुळे लाथ मारणाऱ्या माणसाला भाव होता. शिवाय आपण अडकलोय असं वाटलं की प्रयत्न संपायची वाट न बघता बॉल लांब लाथाडून द्यायचे, तुमच्याकडे बॅक क्लिअर करतो तसं.

आणि महत्त्वाचं म्हणजे एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकत नसे. अटॅकला वेगळे, डिफेन्सला वेगळे ही चैन नाही. तेच ११ जण दोन्हीकडे, ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ.

पेठकर
आता कसं! पायाला किंमत होती म्हणजे माणसं शहाणी होती. नंतर बिघडली.

ऑस्टिनवाला
हेल्मेट?

चहाटळ
जवळपास नाहीच. डोक्याला मार बसू नये म्हणून केस वाढवायचे. खरंच. नाकावर बांधायचं एक रबरी झाकण मिळायचं, कुणी वापरायचं कुणी नाही. ऑस्टिनच्या मॅचमध्ये सेवानीचा कॅप्टन डिडी सायबल्स, त्याचं डोकं फुटलं, रक्त थांबेना, तरी गडी बाहेर गेला नाही. जाणार कसा, गेला की परत यायचं नाही.

माई_फ्रीमाँट
माझा मुलगा हायस्कूलमध्ये दोन वर्षं हा खेळ खेळला, मी प्रत्येक मॅचला डोळे मिटून बसायचे, त्यामुळे मला यात पराक्रमबिराक्रम काही दिसत नाही हो. डोकं फुटलेल्या पोराला आत ठेवतात आणि सव्वाशे वर्षं टाळ्या वाजवतात. १९०५ च्या एका सीझनमध्ये डझनाहून जास्त पोरं गेली होती या खेळात, त्याच वर्षी अध्यक्ष रुझवेल्टने हार्वर्ड-येल-प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि पुढच्या वर्षी नियम बदलले. तो फॉरवर्ड पास त्यातूनच आला, घोळका करून एकाच जागी चिरडणं कमी व्हावं म्हणून. पाच यार्डांचे दहा केले तेही त्यासाठीच. पराक्रम म्हणताना हेही लिहा कुणीतरी.

डोंगरवाट
माई, बरोबर आहे तुमचं. मी आकडे बघून हुरळलो होतो.

शंकेखोर
माईंना +१. आणि अजून एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. त्या डब्यात टीमबरोबर एक कृष्णवर्णीय ट्रेनरही होता. दर मॅचनंतर रात्री गाडीत पोरांचे पाय रगडून, मालिश करून त्यांना दुसऱ्या दिवशी उभं करायचं काम त्याचं. पाच मॅचचं गुपित शोधायचं तर मी तिथे शोधेन. आणि त्या माणसाला त्याच कॉलेजात शिकायला प्रवेश मिळाला नसता. मुलींनाही नाही, त्यांना १९६९ पर्यंत थांबावं लागलं.

आगगाडी
शंकेखोर, पहिल्यांदाच तुमचं पटलं.

जुना_पेपर
विषयांतर करतो, पण ल्यूक लीचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. या माणसाने १९०७ मध्ये नॅशव्हिलला टेनेसीयन पेपर काढला, १९११ मध्ये सिनेटर झाला, तिशी नुकती उलटली होती तेव्हा. मग पहिल्या महायुद्धात कर्नल म्हणून युरोपात गेला. युद्ध संपलं, जर्मनीचा सम्राट कैसर पळून हॉलंडमध्ये एका सरदाराच्या गढीत जाऊन बसलेला. जानेवारी १९१९ मध्ये आमचे मॅनेजरसाहेब सैन्यातली काही पोरं गोळा करून मोटारीने थेट त्या गढीवर! का? तर कैसरला उचलून आणायचं आणि मित्रराष्ट्रांच्या ताब्यात द्यायचं!!

मोगरा
काय??? 😳

जुना_पेपर
खोटं वाटलं तर शोधा. आत जाऊन बसले, कैसरला भेटायचंय म्हणाले, तो काही बाहेर येईना, तोवर डच सैनिकांनी गढीला वेढा घातला, मग निमूट बाहेर आले आणि गाडीत बसले. कैसर मिळाला नाही, पण यांच्यातल्या एकाने निघताना कैसरचा ॲशट्रे खिशात घातला. त्यावरून आंतरराष्ट्रीय बोंबाबोंब आणि सैन्याची चौकशी. आणि शेवट आणखी वेगळा, १९३०-३१ च्या सुमारास बँका बुडाल्या त्यात साहेब दोषी ठरले, तुरुंगात गेले, नंतर माफी मिळाली.

चहाटळ
बूट विसरणारा माणूस कैसर आणायला गेला आणि ॲशट्रे घेऊन आला. सुसंगत आहे.

खोखोपटू
दंडवत चहाटळ 🙏 आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

ऑस्टिनवाला
धागा परत रुळावर आणतो (आगगाडी खूश होतील). ३२२ विरुद्ध १० मधले ते १० कुणाचे?

डोंगरवाट
ऑबर्नचे. आणि तीच मॅच मला सगळ्यात आवडली, पाच मॅचच्या फेरीपेक्षा जास्त. ३० नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, मॉन्टगमरीला. ऑबर्नचा कोच कोण, तर जॉन हाइझमन, ज्याच्या नावाची ट्रॉफी आज सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळते तोच. त्याची टीम एकदम चपळ, एक प्रयत्न संपला की समोरचे उभे राहायच्या आत दुसरा सुरू. अख्ख्या सीझनमध्ये सेवानीला पहिल्यांदा कुणीतरी भिडलं. सेवानी जिंकलं ११-१०, एका पॉइंटने. हाइझमन अंपायरवर असा भडकला की पेपरात पत्र लिहून त्याचे वाभाडे काढले. आणि शनिवारी, म्हणजे दोनच दिवसांनी, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी शेवटची मॅच, ५-०, तीही एका फील्ड गोलवर. पेठकर, तुमच्या पायावर सीझन संपला बघा.

पेठकर
ऐकून छाती भरून आली. अंपायरवर भडकायचं तर आमच्याकडं पेपरात पत्र लिहायला वेळ कुणाला असतोय, तिथल्या तिथं विषय संपतो.

शंकेखोर
हाइझमन म्हणजे तोच ना ज्याने १९१६ मध्ये जॉर्जिया टेककडून कंबरलँडला २२२-० ने तुडवलं? आणि सेवानीच्या १८९९ च्या यादीत कंबरलँड ७१-० दिसतंय. बिचारं कंबरलँड, प्रत्येक कथेत मार खायलाच. ३२२ मधले ७१ एकट्या त्यांच्याकडून, आणखी ५४ साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनकडून. निम्म्याच्या जवळपास पोचले की लिंबूटिंबूंवरच.

आगगाडी
७१ आणि ५४ म्हणजे १२५. ३२२ चे निम्मे १६१. शंकेखोर, गणित कच्चं आहे.

शंकेखोर
जवळपास म्हटलंय, जवळपास.

मोगरा
मग एवढी भारी टीम नंतर कुठे गेली? आज नाव पण ऐकू येत नाही.

जुना_पेपर
एसईसी नावाची जी बलाढ्य कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) आहे, अलाबामा, एलएसयू वगैरे, १९३२ मध्ये ती स्थापन झाली तेव्हाच्या १३ सभासदांत सेवानी आहे. पण तोवर बाकीची कॉलेजं फुगली, हे डोंगरावर तेवढंच राहिलं. एसईसीत ३७ मॅच खेळले, ३७ हरले. एकही जिंकली नाही. १९४० मध्ये बाहेर पडले आणि हौसेपुरतं खेळू लागले. मला विचाराल तर हा निर्णय त्या पाच मॅचपेक्षा अवघड होता, कारण एकदा जिंकायची सवय लागली की कॉलेजं कर्ज काढून, काय वाट्टेल ते करून त्यात राहतात. यांनी निमूट सोडून दिलं आणि शिकवायला लागले.

माई_फ्रीमाँट
हे मात्र आवडलं.

खोखोपटू
अवांतर: सेवानीवाले म्हणतात ना की "आणि सातव्या दिवशी त्यांनी विश्रांती घेतली", बायबलसारखं. पण डोंगरवाट यांच्या तारखा बघितल्या तर विश्रांती १२ ला, म्हणजे चौथ्या दिवशी! त्या रविवारी लुइझियानात साखरेच्या मळ्यावर फिरायला नेलं होतं म्हणे पोरांना.

चहाटळ
ऊस खायला. तरीच एलएसयूला ३४.

डोंगरवाट
तर परत माझ्या प्रश्नाकडे. शंकेखोर, शेवटचं सांगा, भारी की हवा? तुमचं मत बदललं का?

शंकेखोर
पाच मॅचचं अजूनही अर्धं श्रेय मी टाइमटेबलला आणि मालिश करणाऱ्याला देईन. पण गुरुवारी ऑबर्नशी एका पॉइंटने वाचायचं आणि शनिवारी परत उभं राहून ५-० जिंकायचं, तेही सीझनची बारावी मॅच, ते लिंबूटिंबूचं काम नाही. आधी तुम्ही ऑबर्नचं लिहिलं असतं तर मी एवढा वाद घातला नसता. घातला असता, पण कमी.

ऑस्टिनवाला
आमचे ते १२ पॉइंट परत मिळतील का? तुमच्या आजोबांना विचारून बघा.

डोंगरवाट
पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, तिथल्या मैदानाचे फोटो टाकतो, दक्षिणेतल्या सगळ्यात जुन्या मैदानांपैकी एक आहे म्हणतात. मुलाने टेक्ससची टोपी घालून यायला नकार दिलाय.

आगगाडी
जाताना पाण्याचं पिंप घ्या. आणि बूट बघा गाडीत ठेवलेत का.